औषध जाते कुठे?

मुलांनो, जर्मनीच्या दक्षिण भागात डॅन्यूब नावाची मोठी नदी आहे. उगमापासून थोडे पुढे गेल्यावर या नदीच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडते. इमेंडिंगन गावाजवळ तिचे पाणी चुनखडकाच्या भेगांतून जमिनीत जिरते. उन्हाळ्यात तर पात्र कोरडेच पडते. नदी जणू वाटेतच हरवते. तेथून सुमारे 12 किलोमीटर अंतरावर आख नावाचा मोठा झरा आहे. त्याला बारा महिने भरपूर पाणी असते. हे पाणी डॅन्यूबचेच आहे काय, असा प्रश्न लोकांना पडे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. डॅन्यूबच्या काठच्या लोकांना त्या भेगा बुजवून आपले पाणी राखायचे होते. भेगा बुजवल्या तर आपला झरा आटेल, अशी आखच्या लोकांना भीती होती. भांडण मिटवायचे तर पाण्याची वाट कळायला हवी होती. पण डोंगर कोण खोदणार?

1877 साली आडोल्फ क्नोप या शास्त्रज्ञाने खोदकाम न करता ती वाट शोधली. त्याने भेगांतून जाणाऱ्या पाण्यात तीन वस्तू टाकल्या : 20 टन मीठ, बरेचसे खनिज तेल आणि 10 किलो फ्लुओरेसीन. फ्लुओरेसीन हा रंग त्या वेळी अगदी नवा होता. आडोल्फ फोन बेयर या रसायनशास्त्रज्ञाने तो 1871 साली तयार केला होता. हा रंग पाण्यात अगदी थोडा असला, तरी उजेडात पाणी हिरवेगार चमकते. सुमारे 60 तास गेले आणि आखचा झरा हिरवा चमकू लागला! डॅन्यूब पुढे काळ्या समुद्राला मिळते. आखचे पाणी ऱ्हाईन नदीतून उत्तर समुद्राला जाते. एकाच नदीचे पाणी दोन समुद्रांना वाटले जाते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आता नदी बाजूला ठेवू या आणि आपल्या शरीराकडे वळू या.

तुम्हांला ताप आला की डॉक्टर गोळी देतात. गोळी घशाखाली उतरली की नजरेआड होते, त्या नदीसारखीच. ती पोटात विरघळते, आतड्यांतून रक्तात जाते, यकृतातून पुढे हृदयात येते आणि रक्ताबरोबर सगळ्या शरीरात पसरते. यकृत म्हणजे घरी तुम्ही ज्याला जिगर म्हणता, ते. डोके दुखत असले तरी गोळी थेट डोक्याकडे जात नाही. कुठे दुखते आहे, हे तिला ठाऊकच नसते. ती सगळीकडे जाते. त्यातला काही भाग योग्य ठिकाणी पोहोचतो. काही भाग नको तिथे जाऊन त्रास देतो. उरलेला भाग मूत्रपिंडे, म्हणजे गुर्दे, आणि यकृत शरीराबाहेर टाकतात. म्हणून नवे औषध शोधणाऱ्याला 'रोग बरा होतो का?' एवढेच विचारून भागत नाही. 'औषध कुठे गेले, किती गेले आणि किती वेळ तिथे राहिले?' हेही विचारावे लागते.

हे न विचारल्यास काय होते, याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. त्या काळी हिवतापावर, म्हणजे मलेरियावर, क्विनीन हे मुख्य औषध होते. ते सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळे. जगातील बहुतेक क्विनीन जावा बेटावरून येई. 1942 साली जपानने जावा जिंकले आणि दोस्त राष्ट्रांचा क्विनीनचा पुरवठा तुटला. मग सैनिकांना अटेब्रिन नावाचे पिवळे औषध देऊ लागले. त्याने अंग पिवळे पडे, उलट्या होत आणि पुष्कळदा तापही लवकर हटत नसे. सैनिक गोळ्या घ्यायला कंटाळत. औषध निरुपयोगी होते काय? नाही. ते किती द्यावे, हेच नीट कळले नव्हते.

न्यूयॉर्कमधील गोल्डवॉटर रुग्णालयात जेम्स शॅनन यांच्या गटाने याचा शोध घेतला. त्या गटातील बर्नार्ड ब्रॉडी आणि सिडनी उडेनफ्रेंड यांनी एक युक्ती केली. अटेब्रिनवर अतिनील किरण पडले की ते चमकते. रुग्णाच्या रक्तातून औषध वेगळे काढायचे, त्यावर अतिनील प्रकाश टाकायचा आणि चमक मोजायची. जेवढी चमक, तेवढे औषध! त्यांना दिसले की रक्तात औषध फारच थोडे राहते. बाकीचे शरीराच्या पेशींमध्ये जाऊन दडून बसते. हे कोठार भरेपर्यंत रक्तात पुरेसे औषध येतच नाही. उपाय सोपा निघाला. पहिल्या दिवसांत मोठी मात्रा द्यायची, कोठार भरायचे आणि नंतर रोज थोडे थोडे द्यायचे. औषध तेच होते, फक्त ते जाते कुठे हे कळले आणि ते उपयोगी पडू लागले. मला स्वतःला हा शोध एखाद्या नव्या औषधाच्या शोधाइतकाच मोठा वाटतो.

ही चमक म्हणजे काय? बँकेत नोट जांभळ्या दिव्याखाली धरतात, हे तुम्ही पाहिले असेल. नोटेतील काही धागे आणि अंक एकदम चमकू लागतात. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि लगेच दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा आत गेलेल्या प्रकाशापेक्षा कमी असते. म्हणून अतिनील किरण घेऊन क्विनीन निळा प्रकाश देते, तर निळा प्रकाश घेऊन फ्लुओरेसीन हिरवा प्रकाश देते. दिवा बंद केला की चमकही थांबते. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. क्विनीनच्या द्रावणातील ही निळी झाक जॉन हर्शेल यांनी 1845 साली नोंदवली होती. जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 साली तिचे कारण सांगितले आणि तिला फ्लुओरेसन्स हे इंग्रजी नाव दिले.

शॅनन यांच्या गटाने रक्त बाहेर काढून चमक मोजली. पण औषध यकृतात किती आहे किंवा एखाद्या गाठीत किती आहे, हे रक्तावरून कळत नाही. त्यासाठी अनेक वर्षे एकच मार्ग होता. उंदरांना औषध द्यायचे आणि ठरावीक वेळाने त्यांतील काहींना मारून त्यांचे अवयव तपासायचे. समजा, सहा वेगवेगळ्या वेळी तपासणी करायची आहे आणि प्रत्येक वेळी पाच उंदीर लागतात. म्हणजे एका औषधाच्या एका मात्रेसाठी तीस उंदीर गेले. मात्रा बदलली की आणखी तीस.

यात जीव जातात, हे तर आहेच. पण शास्त्राच्या दृष्टीनेही या रीतीत एक दोष आहे. पहिल्या तासाला तपासलेला उंदीर वेगळा आणि दहाव्या तासाला तपासलेला वेगळा. एका मुलाची वाढ पाहायची आणि दरवर्षी उंची मात्र वेगवेगळ्या मुलांची मोजायची, तसाच हा प्रकार आहे.

1959 साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांविषयी एक पुस्तक लिहिले. प्राण्यांवाचून काम होत असेल तर प्राणी वापरू नयेत, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरावेत आणि त्यांना होणारा त्रास कमीत कमी असावा, असे त्यांनी मांडले. आपल्या देशातही 1960 सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्याची तरतूद आहे. पण 'कमी प्राणी वापरा' असे म्हणणे सोपे. उंदीर न कापता त्याच्या आत पाहायचे कसे?

याचे उत्तर तुमच्या हातात आहे, अगदी खरोखर हातात! आज रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर तळहात दाबून ठेवा. बोटांच्या कडा लालभडक दिसतील. टॉर्चचा प्रकाश तर पांढरा आहे. मग लालच का दिसतो? कारण रक्तातील हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश गिळून टाकते. तांबडा प्रकाश मात्र बराचसा आरपार जातो. तांबड्याच्या पलीकडे आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात. त्यांतील तांबड्याला लागून असलेले किरण शरीरातून आणखी सहज जातात. फार पलीकडे गेले तर शरीरातील पाणी त्यांना अडवते. म्हणजे साधारण 650 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला शरीरात जणू एक खिडकी उघडी आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

तेव्हा या खिडकीतून जाणारा आणि येणारा प्रकाश वापरणारा रंग हवा. असा एक रंग आधीच तयार होता. छायाचित्रांच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला. त्याचे नाव इंडोसायनिन ग्रीन. तो सुमारे 800 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो आणि सुमारे 830 नॅनोमीटरचा प्रकाश देतो. अमेरिकेत 1959 सालापासून माणसांसाठीही त्याच्या वापरास परवानगी आहे. पुढे याच जातीचे अनेक रंग तयार झाले. त्यांतला योग्य रंग औषधाच्या कणाला जोडायचा आणि तो कुठे चमकतो ते पाहायचे. क्नोपने नदीत केले, तेच आता वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदरात करायचे.

प्रयोगशाळेत हे कसे चालते, ते पाहू या. उंदराला नेहमीचा खुराक देत नाहीत. प्रयोगशाळेतील नेहमीच्या खुराकात बहुधा लसूणघास असतो. आपल्याकडे गाई-म्हशींना घालतात, तोच हा घास. त्यातील हरितद्रव्य तांबड्या प्रकाशात स्वतःच चमकते. मग औषध पोटात गेले नसतानाही पोट चमकताना दिसते आणि शास्त्रज्ञ फसतो! म्हणून काही दिवस आधीपासून घास नसलेला खुराक देतात. अंगावरचे केस प्रकाश अडवतात, म्हणून तेही काढतात किंवा जन्मतःच केस नसलेले उंदीर वापरतात.

मग उंदराच्या शेपटीतील शिरेत रंग जोडलेले औषध टोचतात. वायूने भूल देऊन त्याला एका अंधाऱ्या पेटीत कोमट तबकडीवर निजवतात. दिवा त्याच्या अंगावर ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश टाकतो. कॅमेऱ्यासमोर एक फिल्टर असतो. गाळणी चहापत्ती अडवते, तसा हा फिल्टर दिव्याचा प्रकाश अडवतो आणि फक्त रंगातून आलेला प्रकाश आत सोडतो. हा प्रकाश इतका मंद असतो की कॅमेरा शून्य अंशाच्या खूप खाली थंड ठेवावा लागतो. नाही तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेमुळे चित्रात खोटे ठिपके उमटतात. चित्र निघाले की भूल उतरते आणि उंदीर पुन्हा पिंजऱ्यात हिंडू लागतो. एका तासाने पुन्हा चित्र, दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र. उंदीर मात्र तोच.

अशी चित्रे तुम्ही कधी पाहिलीत, तर त्यांत उंदराच्या अंगावर लाल, पिवळे आणि निळे डाग दिसतील. हे रंग खरे नव्हेत, बरे का! तो प्रकाश तर डोळ्यांना दिसतच नाही. जिथे चमक जास्त तिथे लाल आणि कमी तिथे निळा, असे संगणक रंगवतो. नकाशात डोंगर तपकिरी आणि समुद्र निळा दाखवतात, तसेच हे.

अमेरिकेतील बोस्टन शहरात राल्फ वाइसलेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली याच्याही पुढची गोष्ट केली. त्यांनी रंगाचे अनेक कण एका लांब साखळीसारख्या रेणूवर अगदी जवळ जवळ बसवले. इतके जवळ बसवले की ते एकमेकांची चमक दाबून टाकतात. कर्करोगाच्या गाठीत काही विकरे असतात. ती ही साखळी तोडतात. साखळी तुटली की रंग सुटे होतात आणि चमकू लागतात. म्हणजे हा दिवा वाटेत विझलेला राहतो आणि गाठीत पोहोचल्यावर पेटतो. गाठीतील चमक 12 पटींनी वाढली आणि एक मिलिमीटरपेक्षाही लहान गाठी जिवंत उंदरात दिसल्या.

आता या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण चमकणारे चित्र पाहून माणूस लवकर भुलतो.

काचेच्या पेल्यात दूध घ्या आणि मागे टॉर्च धरा. सगळे दूध उजळते, पण टॉर्च नेमका कुठे आहे ते कळत नाही. शरीरातही प्रकाश असाच पसरतो. उंदीर लहान, म्हणून त्यात काम भागते. माणसाच्या पोटात खोल असलेली वस्तू या रीतीने बाहेरून दिसत नाही. माणसांत हे रंग वापरतात, ते बहुतेक शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा डोळ्यांच्या तपासणीत. इंडोसायनिन ग्रीन यकृतावाटे पित्तात उतरतो, म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला पित्ताची नळी कॅमेऱ्यात उजळलेली दिसते आणि ती चुकून कापली जाण्याचा धोका कमी होतो.

याहून मोठी अडचण रंगाच्या वजनाची आहे. ॲस्पिरिनच्या रेणूचे वजन 180 मानले, तर इंडोसायनिन ग्रीनच्या रेणूचे वजन सुमारे 775 आहे. लहान औषधाला असा रंग जोडणे म्हणजे एखाद्या मुलाच्या डोक्यावर गव्हाचे पोते ठेवून तो शाळेला कोणत्या वाटेने आणि किती वेळात जातो, हे पाहणे. तो रोजच्या वाटेने जाईल कशाला? अशा वेळी कॅमेऱ्यात दिसते ती औषधाची वाट नसते, रंगाची असते. प्रतिपिंडांसारख्या मोठ्या औषधांचे तसे नाही. त्यांचे वजन सुमारे 1,50,000 असते. त्यांना जोडलेला रंग म्हणजे बैलाच्या शिंगाला बांधलेला गोंडा. एक-दोन गोंड्यांनी बैलाची चाल फारशी बदलत नाही. म्हणून ही पद्धत मोठ्या औषधांसाठी अधिक विश्वासाची आहे. तरीही शरीरात कधी कधी गोंडा सुटून पडतो आणि बैल पुढे निघून जातो.

काही औषधांना रंग जोडावाच लागत नाही. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध दिसायला लाल असते आणि स्वतःच नारिंगी-तांबडे चमकते. ते गाठीला मारते, पण हृदयालाही इजा करू शकते. त्यामुळे ते गाठीत किती गेले आणि हृदयात किती, हा प्रश्न रुग्णाच्या जिवाचा आहे. परंतु त्याला चमकवण्यासाठी निळा-हिरवा प्रकाश लागतो आणि तो प्रकाश रक्त गिळून टाकते, हे तुमच्या तळहाताने तुम्हांला दाखवलेच आहे. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमध्ये ते सुरेख दिसते, पण जिवंत शरीरात खोलवर सहज दिसत नाही.

हे सगळे मी वर्गात सांगत होतो, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, शेवटी त्या उंदराला मारतातच ना?" तिला खरे उत्तर द्यायला हवे होते. होय, बहुतेक प्रयोगांत मारतात. शेवटचे चित्र काढल्यावर उंदराला वेदना न होऊ देता मारतात आणि त्याचे यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि गाठ बाहेर काढून त्यांतील चमक व औषध पुन्हा मोजतात. तीस उंदरांच्या जागी पाच-दहा लागतात, एवढा फरक पडतो. ती म्हणाली, "मग त्या पाचांना तरी का? चित्र आहे ना!"

चित्र आहे, पण ते रंगाचे आहे. म्हणून रंगाखेरीज दुसरा साक्षीदार लागतो. कुणी औषधाच्या रेणूत किरणोत्सारी अणू बसवून तो मोजतात, तर कुणी अवयवातील औषधच रासायनिक रीतीने मोजतात. क्नोपनेही नदीत नुसता रंग टाकला नव्हता. आखचे पाणी नुसते हिरवे झाले असते, तर कुणी शंका काढली असती. ते खारट लागले आणि त्याला तेलाची चवही होती.